पिवळ्या पिलाचा पुरावा

अण्णा नाझरांना फसवील असा माणूस सबंध ठाण्यात जन्माला आला नव्हता. निदान अण्णांचं तरी तसं मत होतं. कोर्टात नाझर म्हणून त्यांची तीस वर्षं जप्तीच्या मालाला कुलपं घालण्यात, कुलपांवर लाखेची मोहोर उठवण्यात आणि त्या मोहोरेला कुणी हात तर लावला नाही ना, हे भिंगातून पाहण्यात गेली होती. पेन्शनीत निघाल्यावर कोर्ट सुटलं, पण भिंग काही सुटलं नाही. गवळ्याने दूध घातलं की अण्णा त्यात बोट बुडवून नखावरचा थेंब न्याहाळायचे. पत्र आलं की आधी उजेडात धरायचे, मग फोडायचे. देवळात तीर्थ घेतानासुद्धा पुजाऱ्याचा हात स्वच्छ आहे ना, हे पाहिल्याशिवाय ओंजळ पुढे होत नसे. असा माणूस घरात असला की बाकीची माणसं हळूहळू गप्प होत जातात. त्यांची बायको रंगूबाई तशीच गप्प झालेली होती. एकुलता एक मुलगा आनंद मुंबईला परमिटाच्या कचेरीत कारकून होता आणि शनिवारी घरी येई. तो तर बापासमोर पाणीसुद्धा आवाज न करता पीत असे.

आणि अशा माणसाला छंद कसला लागावा, तर पिवळ्या पोपटांचा! हिरव्या पोपटांत कधी तरी, लाखात एखादा, पिवळाधमक निपजतो. त्याला मोठमोठ्या संस्थानांत मागणी. पण बाजारात पिवळे म्हणून जे विकायला येतात, त्यांतल्या बहुतेकांनी हळदीच्या पाण्यात बुडी मारलेली असते. अण्णांनी मुंबईला खेपा घालून असे कितीतरी पोपट लिंबू चोळून, रिठ्याच्या फेसाने धुऊन, विकणाऱ्यांच्या शिव्या खाऊन परत केले. अखेर एक मादी अशी मिळाली की धुऊन धुऊन अण्णांचे हात सोलवटले, पण तिचा रंग ढळला नाही. तिचं नाव त्यांनी केशर ठेवलं.

केशरला एक दांडगा हिरवा नर दिला. नौपाड्याच्या वाडीत, घराच्या पडवीत, माणूस उभा राहील एवढा पिंजरा बांधला आणि आत शेवग्याच्या पोकळ खोडाची ढोली टांगली. तीन हंगाम पिलं झाली. सगळी हिरवी! एकाच्याही अंगावर पिवळ्याचा ठिपका नाही. चौथ्या वर्षी केशर मेली. पिवळेपणा तिच्याबरोबर सरणावर गेला असं अण्णांनी ठरवलं आणि तिच्या पोटचा एक हिरवा नर तेवढा आठवण म्हणून ठेवून घेतला. पुढे त्याच्या गळ्याला लाल कंठ फुटला, तेव्हा वाडीची राखण करणाऱ्या काळुरामने टिटवाळ्याच्या रानातून आणलेली एक हिरवी मादी त्याच्याशेजारी सोडली. अण्णांनी आशा सोडली होती. फक्त बोलता बोलता काळुरामला एवढं म्हणाले होते, "यांना कधी पिवळं पिलू झालं, तर तुला चांदीचं कडं."

हे सगळं चाललेलं असताना घरात दुसरीच गोष्ट घडत होती. सून तुळसा पहिल्या बाळंतपणाला कल्याणला माहेरी गेली आणि आषाढात तिला मुलगा झाला. त्याचं नाव दत्तू. बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा रीतीप्रमाणे सासरहून मूळ जायला हवं होतं. म्हणजे घरातल्या कुणीतरी जाऊन बाळ-बाळंतिणीला सन्मानाने घेऊन यायचं. अण्णा म्हणाले, मूळ म्हणून मीच जातो. नातवासाठी वाळे घेतले, सुनेसाठी लुगडं घेतलं आणि आगगाडीने कल्याणला गेले.

तुळसाचे वडील भाऊ कल्याणच्या शाळेत मास्तर. पारनाक्याजवळ त्यांचं घर. त्यांनी व्याह्यांना ओसरीवर बसवलं आणि बाळ मांडीवर आणून दिलं. अण्णांनी सवयीप्रमाणे ते उजेडाकडे वळवलं, आणि त्यांचा हात तसाच थबकला. बाळाचे डोळे घारे होते! चांगले मधासारखे घारे. अण्णांचे काळे, रंगूबाईंचे काळे, आनंदचे काळे, तुळसाचे काळे, समोर हसत बसलेल्या भाऊंचेही काळे. आणि नेमका त्याच वेळी ओसरीच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीतून भाऊंचा बिऱ्हाडकरू बाहेर पडला. रेल्वेत तारमास्तर होता. त्याने अण्णांना वाकून नमस्कार केला. गोरा, उंच, आणि डोळे घारे.

अण्णांनी मनातल्या मनात महिने मोजले. आषाढातून नऊ मागे, म्हणजे दिवाळी. दिवाळीला आनंद दिवाळसणासाठी चार दिवस सासरी आला होता खरा, पण तुळसा पंधरा दिवस राहिली होती. चार दिवस आणि पंधरा दिवस. त्यांनी बाळ भाऊंच्या मांडीवर परत ठेवलं. तोंडाने मात्र ते म्हणाले, "भाऊ, एक अडचण आहे. आमच्या जोशांनी पत्रिका पाहिली. ग्रह कडक आहेत. सुनेने आणि नातवाने इतक्यात घरात पाऊल टाकलं, तर माझ्या जिवाला अपाय आहे म्हणतात. मी कळवीन तेव्हा पाठवा." वाळे आणि लुगडं ठेवून ते एकटेच परतले. जोशाने पत्रिका पाहिली नव्हती, की कुणी त्याला दाखवलीही नव्हती. दुसऱ्याच्या दुधातलं पाणी शोधणारा हा गृहस्थ खोटं किती सफाईने बोलला, पाहा!

घरी अण्णांनी तेच सांगितलं. रंगूबाईंनी ऐकून घेतलं. पण तीस वर्षं ज्या बाईने या माणसाचा चेहरा वाचला, तिला जोशी-बिशी काही पटला नाही. आठवड्याने तिने हळूच विचारलं, "बाळ कुणासारखं आहे?"

"लहान आहे अजून," अण्णा म्हणाले. मग जरा वेळाने, "डोळे घारे आहेत."

रंगूबाईंच्या हातातला तवा खाली टेकला. त्यांना सगळं समजलं. "काय मनात आणलंत तुम्ही? अशी ती पोर आहे का?"

"मी काही म्हटलंय का?"

खरंच, त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. पुढेही म्हटलं नाही. आनंदने शनिवारी येऊन "अण्णा, मूळ कधी..." एवढं काढलं की "बघू," म्हणून ते पिंजऱ्याकडे निघून जात. आनंदनेही चौथ्यांदा विचारलं नाही. पोरगा भला होता, पण भलेपणाचा बायकोला काडीचा उपयोग नव्हता.

तीन महिन्यांनी, फाल्गुनात, काळुराम धावत आला. "अन्ना, ढोलीतून पिल्लू डोकावतंय, त्याचे डोले केशरसारखे लाल हायेत!" अण्णा जाऊन पाहतात तो ढोलीच्या तोंडाशी पिवळंजर्द डोकं. बाप हिरवा, आई हिरवी, तिघं भावंडं हिरवी, आणि हे एकच पिवळं.

दुसरा कुणी असता तर आनंदाने नाचला असता. अण्णांनी लिंबू आणायला सांगितलं. मग रिठे. पिलू भिजून थरथर कापू लागलं, पण रंग निघाला नाही. तेव्हा अण्णा वळले आणि काळुरामकडे रोखून पाहू लागले. "हे पिलू तू कुठून आणून घातलंस?"

काळुराम खाडीकाठचा, मिठागरांत वाढलेला गडी. काळाकभिन्न चेहरा त्याचा तांबूस झाला. "मी आनून घातलंय?"

"कड्यासाठी."

"अन्ना, मी तुमचे घरचा मीठ खाल्लाय. मना चोर बोलताव?"

"हिरव्याला हिरवी. पिवळं येणार कुठून? कुणीतरी घातल्याशिवाय येत नाही."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि अण्णा मध्येच थांबले. मागे दारात रंगूबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजी पिवळी होती की त्याची. केशर. रंग एक पिढी पोटात दडून बसला असेल."

"रंग दडून बसत नसतो," अण्णा म्हणाले.

"तुमच्या आत्याचे डोळे घारे होते. तुम्हीच सांगता."

अण्णा हातातली लिंबाची फोड फेकून घरात निघून गेले. पण त्या दिवसापासून त्यांचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. काळुरामचं खरं असेल तर? दोन हिरव्यांच्या पोटी खरोखरच पिवळं होत असेल, तर कल्याणचं पोर... पण काळुराम खोटं बोलत असेल तर? विश्वास ठेवून टाकावा असं त्यांना एकदाही वाटलं नाही. तो मार्ग त्यांना ठाऊकच नव्हता. त्यांना एकच मार्ग ठाऊक होता.

पुढच्या पौषात, मादी ढोलीत शिरू लागायच्या आधी, अण्णांनी गेल्या सालची पिलं, पिवळ्यासकट, दुसऱ्या पिंजऱ्यात हलवली, ढोली रिकामी करून पाहिली, पिंजऱ्याच्या गजागजावरून हात फिरवला, दाराच्या कडीला सुतळी गुंडाळली आणि गाठीवर लाख वितळवून आपल्या अंगठीची मोहोर उठवली. दाणापाणी गजांतूनच सरकवायचं. पिलं बाहेर येईपर्यंत दार उघडायचं नाही.

काळुराम बघत होता. म्हणाला, "माजा पन आंगठा घ्या."

"कशाला?"

"तुमची आंगठी तुमचे हातात. उद्या तुमीच दार उघडून पिल्लू काढलात आनि पुन्ना मोहोर मारलीत, तर मी काय करनार?"

आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांवर कुणी संशय घेतला होता. त्यांना राग आला, पण मुद्दा कायद्याचा होता. त्यांनी पुन्हा लाख ओतली आणि काळुरामने तिच्यात अंगठा दाबला.

लाख थंड होत असताना अण्णांनी मनाशी एक निवाडा लिहून टाकला. या मोहोरेखालून पिवळं निघालं, तर कल्याणला मूळ जाईल. नाही निघालं, तर पनवेलहून आनंदसाठी जे दुसरं स्थळ सांगून आलंय, त्याला होकार. एका बाईचा जन्म आणि एका पोराचं कूळ या माणसाने पाखराच्या अंड्यावर ठेवलं, आणि वर त्याला आपण फार न्यायाने वागतोय असं वाटत होतं. सांगताना माझ्याच मुठी वळतात. हे त्यांनी रंगूबाईंनाही सांगून टाकलं. त्या बिचाऱ्या रोज गजांतून डाळ-मिरची सरकवताना त्या मादीपुढे हात जोडू लागल्या.

चैत्रात पहिलं पिलू ढोलीबाहेर आलं. हिरवं. दुसऱ्या दिवशी दुसरं. हिरवं. मग तिसरं, तेही हिरवं. त्यानंतर चार दिवस ढोलीच्या तोंडाशी कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी अण्णांनी पनवेलला लिहायला कागद काढला. रंगूबाई समोर येऊन बसल्या. त्या रडत नव्हत्या, नुसत्या टाकाकडे पाहत होत्या. अण्णांनी वर 'श्री' काढला, मायना घातला.

"अन्ना!" पडवीतून काळुरामची हाक आली. "थांबा जरा. आत आजून एक हाय. माय दाना घेऊन आत जाते."

अण्णांनी टाक खाली ठेवला. दुपारपर्यंत तिघंही पिंजऱ्यासमोर बसून राहिली. ऊन पडवीत आलं तेव्हा ढोलीच्या भोकातून एक डोकं बाहेर आलं. पिवळं. डोळे लाल.

रंगूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हुंदके देऊन रडू लागल्या. अण्णांनी आधी भिंग आणलं. मोहोर तपासली, अंगठ्याची रेघ न् रेघ तपासली, सुतळीचा पीळ तपासला. सगळं जिथल्या तिथे होतं. मग त्यांनी खाली बसून डोळे मिटले. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं त्यांना वाटलं. बाळाला मांडीवर घेतलं होतं तेव्हा त्याने त्यांची करंगळी धरली होती, हे त्यांना दीड वर्षात पहिल्यांदा आठवलं.

काळुरामला त्यांनी कडं देऊ केलं. त्याने ते घेतलं नाही. "कडं नको मना. मी चोर नव्हतो, एवढं बोला."

"नव्हतास," अण्णा म्हणाले. काळुराम मान हलवून पाणी शेंदायला गेला.

दुसऱ्याच दिवशी अण्णा कल्याणला निघाले. बरोबर लहान पिंजऱ्यात पिवळं पिलू, आणि फडक्यात जपून बांधलेली लाखेची मोहोर, सुतळीसकट. ते फडकं पाहून रंगूबाई वाटेत आडव्या आल्या.

"हे कशाला? तिथे काही बोलू नका. ग्रह उतरले म्हणा आणि घेऊन या."

"खोटं बोलू? तिच्यावरचा डाग पुसला गेलाय. तो तिच्या बापासमोर पुसायला नको?"

"अहो, ऐका माझं..."

पण गाडीची वेळ झाली होती.

भाऊंनी त्यांना दारातच मिठी मारली. "अण्णासाहेब! प्रकृती ठीक ना? ग्रह उतरले म्हणायचे!" घरात एकच धांदल उडाली. दत्तू आता घरभर दुडूदुडू धावत होता. तो दाराची चौकट धरून आपल्या घाऱ्या डोळ्यांनी पाखराकडे बघत राहिला. भाऊ सांगू लागले, "आमच्या तुळसाने काय कमी केलं हो! जोशांनी सांगितलं तेव्हापासून दर शनिवारी निराहार उपास, पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा. कशासाठी, तर मामंजींना अपाय होऊ नये. पाय सुजले तरी एक शनिवार चुकवला नाही."

इथे अण्णा गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण त्यांना वाटलं, अशा सुनेला न्याय मिळालाच पाहिजे, आणि तो आजच मिळाला पाहिजे. त्यांनी फडकं सोडलं.

"भाऊ, ग्रहांचं काही नव्हतं," ते म्हणाले, आणि कोर्टात कैफियत वाचावी तसं पहिल्यापासून सांगू लागले. बाळाचे डोळे. दिवाळीचे दिवस. ओसरीवरचा बिऱ्हाडकरू. मग केशर, तिचा हिरवा मुलगा, पिंजरा, मोहोर, अंगठा, आणि चौथं पिलू. "हिरव्याला हिरवी, तरी पिवळं! माझ्या मोहोरेखाली! रंग पिढी ओलांडून येतो, भाऊ, हे शाबीत झालं. आमच्या आत्याचे डोळे घारे होते. मुलगी निर्दोष आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं.

भाऊंनी फडक्यातली ती मोहोर उचलून पाहिली आणि खाली ठेवली. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसू लागला.

"तो तारमास्तर," ते हळू म्हणाले, "आमच्याकडे संक्रांतीला राहायला आला. दिवाळीत ती खोली बंद होती. विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

तेव्हा अण्णांच्या ध्यानात आलं. या घरात दीड वर्ष कुणाला काही ठाऊकच नव्हतं. इथे ग्रह होते, उपास होते, प्रदक्षिणा होत्या, आरोप नव्हता. तो आज, आत्ता, त्यांनी स्वतःच्या तोंडाने आणून ठेवला होता.

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. तुळसा सगळं ऐकत उभी होती. सासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. ती उंबऱ्यात बसली, पदर पुढे ओढला आणि तिने दत्तूला जवळ घेतलं.

"बाळ, आजोबांना विचार, यांना हे ठाऊक होतं का?"

यांना म्हणजे आनंदला. अण्णा म्हणाले, "मी त्याला काही सांगितलं नाही."

"आणि त्यांनी विचारलंही नाही," तुळसा बाळाला म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "आता आणखी एक विचार. चौथं पिलू हिरवं निघालं असतं, तर तू कुणाचा होतास?"

पनवेलच्या पत्रावर काढलेला मायना अण्णांच्या डोळ्यांसमोर आला. त्यांनी मोहोर पुन्हा फडक्यात गुंडाळली. दत्तू आईच्या मांडीवरून पिंजऱ्याकडे हात करून हसत होता.

तुळसा उठली. "आजोबांचं पान वाढते म्हणावं. उन्हाचे आलेत." आणि ती मुलाला घेऊन आत गेली.

पान वाढलं गेलं. भाऊंनी आग्रहही केला. पण कुणी बोचकं बांधलं नाही, कुणी निघायच्या गाडीची चौकशी केली नाही, आणि अण्णांना ती करायचा धीर झाला नाही. निघताना भाऊंनी पिंजरा आणि लाखेचं फडकं दोन्ही त्यांच्या हातात परत दिलं.

दिवेलागणीला ते नौपाड्याला पोचले. रंगूबाई दारात उभ्या होत्या. बाळ-बाळंतिणीवरून ओवाळून टाकायला एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी अण्णांच्या मागे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"नाही आली," अण्णा म्हणाले.

"काय झालं?"

"मी त्यांना पुरावा दाखवला."

रंगूबाईंनी तांब्या उंबऱ्यावर टेकवला. "म्हणजे तिला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि तुम्ही सांगितलंत?"

"सगळं," अण्णा म्हणाले, आणि पायरीवर बसले.